अथेन्सचा आरमारकर्ता थेमिस्टोक्लीस

स्मरणिकेसाठी दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावयाचे, हा आमचा गेल्या काही वर्षांचा परिपाठ आहे. यंदा संपादक मंडळाने स्वदेशाबाहेरील पुरुष निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आमच्या मनात एकच नाव आले. शाळेत इतिहास शिकवीत असताना या पुरुषाला क्रमिक पुस्तकात जेमतेम दोन ओळी मिळत. सालामिसची लढाई, इसवी सनापूर्वी ४८०, ग्रीकांचा जय, इराण्यांचा पराजय. मुले तेवढे पाठ करीत आणि परीक्षा झाली की विसरून जात. ही लढाई ज्या गलबतांनी जिंकली ती आली कोठून, त्यांचा पैसा कोणी दिला, आणि ज्याने तो देववला त्याचे पुढे काय झाले, हे सांगावयास तासच पुरत नसे. ते राहून गेलेले आज ज्ञातिबंधू-भगिनींना सांगण्याचे योजिले आहे.

त्या काळी ग्रीस हे एक राज्य नव्हते. डोंगर आणि खाड्या यांनी तुटलेल्या त्या भूमीत प्रत्येक नगर स्वतंत्र असून शेजारच्या नगराशी त्याचे बहुधा वैरच असे. स्पार्टा हे त्यांतील सर्वांत लढाऊ. अथेन्समध्ये नुकतीच लोकसत्ता स्थापन झाली होती, आणि नागरिकांनी सभेत बसून हात वर करून कारभार ठरवावा अशी रीत पडली होती. अशा अथेन्सच्या प्रदेशात इसवी सनापूर्वी ५२४ च्या सुमारास थेमिस्टोक्लीसचा जन्म झाला. पित्याचे नाव निओक्लीस. घराणे जुने असले तरी पिता काही नामांकित गृहस्थ नव्हता. माता तर अथेन्सची नव्हेच. कोणी तिला थ्रेसची म्हणतात, कोणी कॅरियाची. त्यामुळे हा मुलगा कुलीनांच्या पंक्तीतला नव्हे, अशी कुजबूज जन्मभर त्याच्या पाठीशी राहिली.

प्लूटार्क नावाच्या चरित्रकाराने याविषयी एक गोष्ट दिली आहे. अशा मिश्र जन्माच्या मुलांसाठी नगराच्या वेशीबाहेर, कायनोसार्गीस येथे, निराळी व्यायामशाळा होती. थेमिस्टोक्लीसने आपल्याला आत घ्या म्हणून कोणाच्या पायऱ्या झिजविल्या नाहीत. त्याने चांगल्या घरच्या मुलांशी मैत्री केली, आणि गोडीगुलाबीने त्यांनाच आपल्याबरोबर वेशीबाहेरच्या त्या तालमीत नेऊ लागला. तेथे सगळेच अंगाला तेल लावून माती उडवू लागल्यावर कुलीन कोण आणि मिश्र कोण हा भेद आपोआप पुसट झाला. गोष्ट खरी की रचलेली हे कोण सांगणार? परंतु पुढे ज्या युक्तीने तो सगळा ग्रीस हलवणार होता, तिचे बीज या पोरवयातल्या खटपटीत दिसते.

शाळेत त्याचे लक्ष गाण्याबजावण्यात नसे. सुटी झाली म्हणजे इतर मुले खेळत, हा मात्र एकटा बसून कोणावर तरी आरोप करणारे नाही तर कोणाचा तरी बचाव करणारे भाषण जुळवीत असे. त्याच्या शिक्षकाने ते पाहून भाकीत केले होते, की हा मुलगा मध्यम असा काही होणार नाही. पुष्कळ भले करील किंवा पुष्कळ वाईट. शिक्षकाची भाकिते बहुधा चुकतात, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. या एका गुरुजीचे भाकीत मात्र दोन्ही बाजूंनी खरे ठरले! मोठेपणी मेजवानीच्या बैठकीत वीणा वाजवता येत नाही म्हणून लोक हसत, तेव्हा तो उत्तर देई की तारा जुळवणे आपल्याला साधत नसले तरी लहान गाव हाती दिले तर ते मोठे करून दाखवणे साधते.

राजकारणात पडू नये असे पित्याला वाटे. प्लूटार्कच सांगतो, की निओक्लीसने एके दिवशी मुलाला समुद्रकाठी नेले आणि वाळूत कुजत पडलेली जुनी लढाऊ गलबते दाखविली. कामाचे दिवस संपले की लोक पुढाऱ्याचीही अशीच गत करतात, हे त्याला पटवावयाचे होते. पोराने पुढे जन्मभर गलबतांचाच ध्यास घेतला, तेव्हा पित्याच्या उपदेशातले अर्धे त्याने ऐकले आणि अर्धे सोडून दिले असे म्हणावे लागते.

इसवी सनापूर्वी ४९३ साली तो आर्कन, म्हणजे त्या वर्षाचा प्रमुख अधिकारी, निवडून आला. तोवर अथेन्सची गलबते फॅलेरॉनच्या उघड्या पुळणीवर ओढून ठेवीत. वारा आला की मारा, शत्रू आला की उघड्यावर. त्याच्या पलीकडे पिरेअस येथे तीन नैसर्गिक बंदरे असलेला खडकाळ भूभाग पडून होता. थेमिस्टोक्लीसने तेथे तटबंदीस आरंभ केला. इतके दिवस लोकांच्या डोळ्यांसमोर असलेली जागा अशी एकालाच कशी दिसते, याचे आम्हांला नेहमी नवल वाटते.

तीन वर्षांनी, ४९० मध्ये, इराणच्या दारायस बादशहाची फौज मॅरेथॉनच्या मैदानात उतरली आणि मिल्टायडीसच्या हाताखाली अथेन्सकरांनी तिला पिटाळून लावले. गावात जल्लोष झाला. आता इराणचे संकट टळले असे सर्वांस वाटले. थेमिस्टोक्लीस तेवढा गप्प गप्प राहू लागला. रात्री झोप नाही, मित्रांच्या बैठकीत जाणे नाही. विचारले तर म्हणे, मिल्टायडीसचा विजय झोपू देत नाही. यात मत्सर होताच, तो झाकण्याचे कारण नाही. पण त्याबरोबर एक हिशेबही होता. इराणी पुन्हा येतील, याहून कितीतरी मोठ्या संख्येने येतील, आणि त्या वेळी जमिनीवरचे भाले पुरणार नाहीत, हे त्याला स्पष्ट दिसत होते. इकडे मिल्टायडीसचे काय झाले? पॅरोस बेटावरची त्याची मोहीम फसली, लोकांनी त्याला ५० टॅलेंटांचा दंड केला, आणि मॅरेथॉनचा तो विजेता मांडीची जखम चिघळून तुरुंगात मेला. थेमिस्टोक्लीसने हे सारे डोळ्यांनी पाहिले होते.

आता त्याच्या आयुष्यातील मुख्य प्रसंगाकडे वळू.

अथेन्सच्या दक्षिणेस लॉरियन येथे चांदीच्या खाणी होत्या. ४८३ च्या सुमारास तेथे एक फार मोठी शीर लागली. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ग्रंथात सरकारी उत्पन्नाचा आकडा १०० टॅलेंट दिला आहे. एक टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. या खाणींच्या अंधाऱ्या बिळांत राबत ते गुलाम होते, हेही येथे नमूद केले पाहिजे, कारण विजयाच्या कथांत त्यांचे नाव कोणी घेत नाही. हा पैसा आला तेव्हा रिवाजाप्रमाणे सूचना पुढे आली की तो सर्व नागरिकांना वाटून द्यावा, माणशी १० ड्राख्मा. सूचना सर्वांना आवडली. का आवडू नये? चांदी सगळ्यांची, वाटणीही सगळ्यांची. गरिबाच्या घरी काही दिवस चूल सुखाने पेटली असती.

थेमिस्टोक्लीस सभेत उभा राहिला आणि म्हणाला की वाटू नका, या पैशाची लढाऊ गलबते बांधा.

आम्ही सभासद असलेल्या एका संस्थेत, तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, चाळीसएक वर्षांपूर्वी असाच प्रसंग आला होता. शिल्लक बरी पडली होती. एका गृहस्थांनी सुचविले की परगावच्या मुलांसाठी वसतिगृहाची जागा घेऊन ठेवावी. दुसरी सूचना आली की प्रत्येक घरी एकेक स्टीलचा डबा द्यावा. आम्ही तेव्हा नुकते नोकरीस लागलो होतो आणि बिऱ्हाड थाटीत होतो. आम्ही हात वर केला तो डब्याच्या बाजूने. तो डबा अजून आमच्या घरी आहे. त्या जागेची किंमत आज काय आहे, हे आम्ही मुद्दाम विचारीत नाही. म्हणूनच अथेन्सच्या त्या सभेत बसलेल्या सामान्य माणसाने हातात पडणारे १० ड्राख्मा सोडले, हे वाचताना आम्हांला थेमिस्टोक्लीसइतकेच त्या माणसाचेही कौतुक वाटते.

त्याने ते सोडले कसे, यात थेमिस्टोक्लीसचे कसब आहे. इराणचे नाव त्याने पुढे केले नाही. इराण दूर, सात वर्षे तिकडून कोणी आले नव्हते. समोरच्या समुद्रात एजायना नावाचे बेट होते, त्याचे दर्यावर्दी लोक अथेन्सचे जुने वैरी, आणि त्यांच्याशी युद्ध चालूच होते. घराच्या ओट्यावरून दिसणाऱ्या शत्रूचा राग माणसाला लवकर येतो. त्याने एजायनाकडे बोट दाखविले आणि गलबते मंजूर करून घेतली. मागाहून आलेली एक हकीकत अशी की शंभर श्रीमंतांकडे एकेक टॅलेंट सोपवून प्रत्येकाने एकेक गलबत बांधून द्यावे असे ठरले. गलबते शंभर की दोनशे याविषयी जुन्या लेखकांत मेळ नाही. परंतु ४८० साली युद्ध आले तेव्हा अथेन्सपाशी २०० गलबते होती, यात शंका नाही.

हे गलबत म्हणजे ट्रायरीम. लांबी सुमारे ३७ मीटर, रुंदी फारच थोडी, आणि वल्हेकऱ्यांच्या एकावर एक अशा तीन ओळी. वरच्या ओळीत ६२, मधल्या ओळीत ५४, खालच्या ओळीत ५४, मिळून १७०. शिवाय सुकाणूवाला, शिडाचे खलाशी आणि मूठभर शिपाई धरून २०० माणसे. पुढच्या टोकाला पाण्याच्या पातळीशी ब्राँझची जड चोच. तिने शत्रूच्या गलबताची कूस फोडावयाची आणि लगेच मागे सरावयाचे. १७० माणसांची वल्ही एका तालात पडली नाहीत तर सगळा खेळ फुकट. खालच्या ओळीतल्या माणसाला समुद्र दिसतही नसे. १९८५ ते १९८७ या काळात ग्रीसमध्ये असे एक गलबत जुन्या पुराव्यांवरून पुन्हा बांधून समुद्रात चालवून पाहिले, तेव्हा हे काम किती कठीण होते याची विद्वानांना प्रचीती आली.

दोनशे गलबतांना चाळीस हजार माणसे लागणार. एवढी माणसे आणावयाची कोठून? जमिनीवरच्या लढाईत चिलखत, ढाल, भाला स्वतःच्या खर्चाने आणावा लागे, म्हणून तेथे शेतीवाडीवाल्यांचाच मान. वल्हे ओढावयास मात्र दोन हात आणि बसावयास एक गादी पुरे. ज्याच्यापाशी काहीच नव्हते तो मजूर, तो कोळी, तो कुंभार आता अथेन्सचा रक्षक झाला. आणि ज्याच्या बाहूंवर राज्य तरते त्याचा शब्द सभेतही ऐकावा लागतो. प्रतिष्ठितांना हे रुचले नाही. थेमिस्टोक्लीसने मर्दांच्या हातांतले भाले काढून घेऊन त्यांना वल्ह्यांच्या बाकांवर बसविले, असा ठपका पुढे कितीतरी वर्षे त्याच्यावर येत राहिला.

या विरोधकांत मोठा होता अ‍ॅरिस्टायडीस, ज्याला लोक न्यायी म्हणत. दोघांचे जन्मात पटले नाही. अथेन्समध्ये एक विलक्षण कायदा होता. वर्षातून एकदा लोकांना वाटले तर मतदान घेत. ज्याला गावाबाहेर घालवावयाचे त्याचे नाव प्रत्येकाने फुटक्या मडक्याच्या खापरीवर कोरून टाकावयाचे. सहा हजार खापऱ्या जमल्या तर ज्याचे नाव सर्वांत अधिक त्याने दहा वर्षे गाव सोडावयाचे. मालमत्ता जप्त नाही, आरोप नाही, सुनावणी नाही. आपल्याकडे माथी खापर फोडणे हा वाक्प्रचार आहे. तेथे ते अक्षरशः घडत असे. ४८२ साली अ‍ॅरिस्टायडीसच्या माथी ते फुटले. मतदानाच्या वेळी एका निरक्षर खेडुताने त्याला न ओळखता आपल्या खापरीवर अ‍ॅरिस्टायडीसचेच नाव लिहून मागितले. का, असे विचारता, त्याला जिकडेतिकडे न्यायी म्हणतात ते ऐकून कंटाळा आला, असे तो म्हणाला. आणि अ‍ॅरिस्टायडीसने मुकाट्याने नाव लिहून दिले. आता आरमाराच्या आड कोणी उरले नाही.

आणि दोनच वर्षांत तो दिवस आला. दारायसचा मुलगा झर्क्सीस याने आशिया आणि युरोप यांमधील सामुद्रधुनीवर नावांचा पूल बांधून अफाट सैन्य पलीकडे उतरविले. त्या सैन्यात सुती वस्त्रे नेसलेले आणि वेळूची धनुष्ये घेतलेले भारतीय सैनिकही होते, असे हिरोडोटस लिहितो. आपल्याकडची माणसे त्या काळी कोठवर जाऊन पोहोचली होती पाहा! अथेन्सने डेल्फीच्या देवस्थानी कौल लावला. उत्तर भयंकर होते. मात्र लाकडी तट तेवढा अभंग राहील असा त्यात एक धागा होता. वृद्धांनी अर्थ लावला की गडावर पूर्वी काट्यांचे कुंपण होते, तेच हे. थेमिस्टोक्लीसने सांगितले की लाकडी तट म्हणजे आपली गलबते. देवाचा कौल अंगाऱ्यासारखा असतो, ज्याच्या चिमटीत येईल तो लावतो. लोकांनी त्याचे ऐकले. हद्दपार केलेल्यांना परत बोलाविले, अ‍ॅरिस्टायडीसलाही, आणि ती सूचना थेमिस्टोक्लीसनेच आणली असे प्लूटार्क सांगतो.

मग सगळे गाव रिकामे करावे लागले. पितरांची थडगी, देवळे, घरे सोडून बायकामुले समुद्रकाठी आली. म्हातारी माणसे पुष्कळशी मागेच राहिली. झँथिपस नावाच्या गृहस्थाचा कुत्रा धन्याच्या गलबतामागे पोहत निघाला, सालामिस बेटापर्यंत पोहोचला, आणि किनाऱ्यावर पाय टेकताच मेला, अशी कथा आहे. पुष्कळ कुटुंबे ट्रीझेन नावाच्या लहानशा गावाने आपल्याकडे ठेवून घेतली. त्या गावाने ठराव केला की या निराश्रितांना सार्वजनिक खर्चाने रोज दोन ओबोल द्यावे, त्यांच्या मुलांना कोणाच्याही मळ्यातले फळ तोडण्यास मोकळीक असावी, आणि त्यांच्यासाठी शिक्षक नेमून त्यांचे पगारही गावाने द्यावे. डोक्यावर युद्ध असताना दुसऱ्यांच्या मुलांची शाळा बुडू नये ही काळजी! ट्रीझेनचा हा ठराव वाचला तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी आले, हे येथे कबूल करतो.

ग्रीकांचे संयुक्त आरमार प्रथम आर्टेमिझियम येथे लढले. येथे एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागते. तेथून आरमार हलू नये म्हणून युबीया बेटाच्या लोकांनी थेमिस्टोक्लीसला ३० टॅलेंट दिले. त्याने सेनापती युरिबायडीस या स्पार्टाकराला पाच दिले, कॉरिंथच्या अडायमँटसला तीन दिले, ते राहिले. आणि बाकीचे बावीस स्वतःच्या पेटीत टाकले. ज्याने लोकांच्या हातचे १० ड्राख्मा सोडवले त्याचा स्वतःचा हात असा होता. गुणांबरोबर अवगुण झाकण्याची चरित्रलेखकांची चाल आम्हांस मान्य नाही.

थर्मॉपिलीची खिंड पडली, अथेन्स जळू लागले, आणि सालामिसच्या सामुद्रधुनीत नांगरलेल्या गलबतांवरून त्याचा धूर दिसू लागला. इतर नगरांच्या सेनापतींचा धीर सुटला. जो तो आपापल्या घराकडे जावयास टपला. रात्री बैठक भरली. थेमिस्टोक्लीस पुन्हा पुन्हा बोलू लागला तेव्हा युरिबायडीसने रागाने काठी उगारली. याने मान पुढे केली आणि मारावयाचे तर मारा, पण ऐकून घ्या, एवढेच सांगितले. अडायमँटस म्हणाला, ज्याला गावच उरले नाही त्याने मत देऊ नये. त्यावर थेमिस्टोक्लीसचे उत्तर असे, की ज्यांच्यापाशी माणसांनी भरलेली दोनशे गलबते आहेत त्यांचे गाव तुमच्यापेक्षा मोठे आहे. आणि तुम्ही निघालात तर आम्हीही बायकामुले घेऊन इटलीत सीरिसला जाऊन राहू. या धमकीने काही वेळ सगळे थांबले. पण धमकी किती वेळ पुरणार?

त्याच्या घरी सिसिनस नावाचा गुलाम होता. मुलांना सांभाळणे, शाळेत नेणे-आणणे हे त्याचे काम. थेमिस्टोक्लीसने रात्री त्याला होडीत बसवून गुपचूप इराणी गोटात पाठविले आणि निरोप दिला: थेमिस्टोक्लीस मनातून बादशहाच्या पक्षाचा आहे, ग्रीक आज रात्री पळणार आहेत, वाटा रोखा. इराण्यांनी निरोप खरा मानला आणि दोन्ही तोंडे अडविली. झाले! जे पळणार होते त्यांना आता लढण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. कोंडी झाल्याची बातमी घेऊन रात्री अंधारातून आला तो अ‍ॅरिस्टायडीस. दोघे जुने वैरी तंबूबाहेर उभे राहून बोलले, आणि तेवढ्यापुरते भांडण त्यांनी बाजूला ठेवले.

सकाळी लढाई जुंपली. झर्क्सीस किनाऱ्यावरच्या डोंगराच्या उतारावर सिंहासन मांडून पाहत बसला होता. ग्रीकांची गलबते तीनशेच्या वर, इराण्यांची त्याहून पुष्कळ अधिक. परंतु अरुंद खाडीत ती अधिक संख्याच त्यांच्या गळ्याशी आली. रात्रभर वल्ही मारून त्यांचे हात थकलेले. पुढची गलबते मागे वळू पाहत, मागची बादशहाला पराक्रम दाखवावयास पुढे घुसत, आणि आपलीच आपल्यावर आपटत. अथेन्सच्या ब्राँझच्या चोची त्या गर्दीत शिरल्या. संध्याकाळपर्यंत आरमार मोडले. झर्क्सीसचा एक भाऊ पडला. ज्यांची गलबते फुटली त्या ग्रीकांपैकी पुष्कळ पोहून सालामिसला लागले; इराण्यांना पोहता येत नव्हते. वाटून खाल्ले असते तर कधीच जिरून गेले असते, त्या लॉरियनच्या चांदीने त्या दिवशी अथेन्स राखले.

मागाहून सेनापतींनी सर्वश्रेष्ठ कोण यासाठी मते दिली. प्रत्येकाने पहिले मत स्वतःला दिले आणि दुसरे बहुतेकांनी थेमिस्टोक्लीसला! स्पार्टाने त्याला ऑलिव्हचा मुकुट आणि नगरातला उत्तम रथ दिला, आणि निरोप देताना ३०० निवडक तरुण सरहद्दीपर्यंत बरोबर पाठविले.

त्याच स्पार्टाला त्याने पुढे दीडच वर्षात बनविले. अथेन्सकर जळक्या घरांकडे परतून तट बांधू लागले, ते स्पार्टाला नको होते. थेमिस्टोक्लीस वकील म्हणून स्पार्टात गेला आणि बरोबरचे वकील अजून आले नाहीत या सबबीवर दिवस काढीत बसला. इकडे अथेन्समध्ये बाप्ये, बायका, पोरे सगळी तटावर राबत होती. हाती येईल तो दगड. थडग्यांवरचे कोरीव दगडसुद्धा तटात घातले. तट पुरेसा उंच झाला तेव्हा त्याने सरळ सांगून टाकले की आमच्या नगराला आता तट आहे. पिरेअसचीही तटबंदी त्याने पुरी करविली. स्पार्टाने ओठावर हसू ठेवले आणि पोटात राग.

परंतु या पुरुषाला मोठेपण पचवता आले नाही. अँड्रॉस बेटाकडून पैसा उकळावयास गेला, म्हणाला की आपल्याबरोबर मनधरणी आणि सक्ती असे दोन देव आले आहेत. बेटकऱ्यांनी उत्तर दिले की आमच्याकडेही दारिद्र्य आणि असहायता या दोन देवता ठाण मांडून आहेत, त्या देऊ देत नाहीत. घराशेजारी त्याने आर्टेमिस देवीचे देऊळ बांधले आणि तिला उत्तम सल्ला देणारी असे नाव ठेवले. सल्ला कोणाचा, हे शेंबड्या पोरालाही कळण्यासारखे होते. आपले उपकार तो लोकांना वारंवार आठवून देई. उपकाराची आठवण ज्याच्यावर केला त्याने काढावी. केलेल्याने काढली की ती थकलेल्या कर्जासारखी टोचते.

घरच्या व्यवहारात मात्र त्याची एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुलीला दोन स्थळे आली, एक श्रीमंत आणि एक गुणी. त्याने गुणी पत्करले. पैशाला माणूस नसण्यापेक्षा माणसाला पैसा नसलेला बरा, असे त्याचे म्हणणे. एक मुलगा क्लिओफँटस घोड्यावर उभा राहून भाला फेकण्याइतका पटाईत झाला, पण बापाची बुद्धी काही त्याच्यात उतरली नाही, असे प्लेटोने म्हटले आहे.

इसवी सनापूर्वी ४७१ च्या सुमारास पुन्हा खापऱ्या गोळा झाल्या आणि या खेपेस नाव थेमिस्टोक्लीसचे निघाले. दहा वर्षे हद्दपार. विसाव्या शतकात अथेन्सच्या गडाच्या उत्तर उतारावर एका जुन्या विहिरीत सुमारे १९० खापऱ्या सापडल्या. सगळ्यांवर याचेच नाव. अक्षरे तपासली तेव्हा कळले की ती सगळी अवघ्या चौदा हातांनी लिहिली आहेत. म्हणजे विरोधकांनी नावे आधीच कोरून वाटपासाठी ढीग तयार ठेवले होते! त्या कोणत्या वर्षीच्या मतदानाच्या हे नक्की नाही, पण जाळे पुष्कळ दिवस विणले जात होते एवढे त्यावरून दिसते. हे वाचताना आम्हांला वसतिगृहाची सूचना करणारे ते गृहस्थ आठवले. दुसऱ्या वर्षी त्यांचे नाव कार्यकारिणीतून गळले. कोणी काही आरोप केला नव्हता. ते फार बोलतात एवढेच सर्वांचे म्हणणे होते, आणि आम्हीही मान डोलावली होती. पुढे ते कधी सभेस आले नाहीत.

थेमिस्टोक्लीस आर्गॉस येथे राहिला. तेथेही स्पार्टाने त्याला स्वस्थ बसू दिले नाही. इराणशी संगनमत केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला आणि अथेन्सने तो उचलून धरला. पकडावयास माणसे निघाली. हा कॉर्सायरा बेटावर गेला, तेथून मोलॉशियनांच्या राजाकडे. हा राजा अ‍ॅडमीटस त्याचा जुना वैरी. राणीने सुचविल्याप्रमाणे राजाचे मूल कडेवर घेऊन तो चुलीपाशी बसला. त्या देशात याहून मोठी शरणागती नाही. राजाने त्याला दिले नाही. डोंगर ओलांडून तो पिडना बंदरात आला आणि नाव न सांगता एका व्यापारी गलबतात चढला. वादळाने ते गलबत नॅक्सॉस बेटाकडे ढकलले. आणि त्या बेटाला वेढा घालून उभे होते अथेन्सचे आरमार! ज्याच्यासाठी त्याने आयुष्य घालविले, ज्याची गलबते त्याने भर सभेत मागून घेतली, त्याच आरमारापासून लपण्यासाठी त्याला नाखव्याच्या पाया पडावे लागले. नुसते पाया पडून भागले नाही. धरून दिलेस तर तू पैसे घेऊन मला नेत होतास असे सांगेन, अशी धमकीही त्याने दिली. मरणाच्या दारातही त्याची अक्कल शाबूत होती. एक दिवस आणि एक रात्र गलबत आरमारापासून दूर उघड्या समुद्रात हेलकावत राहिले. मग वारा फिरला आणि ते एफिससला लागले.

आशियात त्याच्या डोक्यावर इराणच्या बादशहाने २०० टॅलेंटांचे बक्षीस लावलेले होते असे सांगतात. झर्क्सीस मेला होता. गादीवर त्याचा मुलगा आर्टाझर्क्सीस होता. थेमिस्टोक्लीसने त्याला कळविले की तुमच्या घराण्याचे सर्वांत मोठे नुकसान मी केले, आणि सालामिसच्या वेळचा निरोप पाठवून उपकारही मीच केला. ज्या निरोपाने इराण बुडाला तोच त्याने आता उपकार म्हणून मांडला! दुभाष्यामार्फत बोलण्याऐवजी त्याने एक वर्षाची मुदत मागून घेतली, आणि साठीच्या घरात असताना इराणी भाषा व रीतिरिवाज शिकून घेऊन बादशहापुढे उभा राहिला. आम्ही स्वतः साठी ओलांडली आहे; नातवाकडून मोबाइल शिकताना आम्हांला या गोष्टीची आठवण होते आणि ओशाळे वाटते.

बादशहाने त्याला मॅग्नेशिया नगर भाकरीसाठी, लॅम्सॅकस मद्यासाठी आणि मायस कालवणासाठी लावून दिले. एकट्या मॅग्नेशियाचे उत्पन्न साल ५० टॅलेंट. तेथे त्याने स्वतःच्या नावाची नाणी पाडली; त्यांतली काही आजही उपलब्ध आहेत. अन्नवस्त्राला काही कमी नव्हते. जवळच समुद्र, आणि त्यावर अथेन्सची वाढत चाललेली सत्ता.

इसवी सनापूर्वी ४५९ च्या सुमारास तो तेथेच वारला. इतिहासकार थ्यूसिडिडीस म्हणतो, आजाराने. बादशहाने ग्रीकांवर चालून जाण्याची आज्ञा केली, तेव्हा आपल्याच आरमारावर हत्यार उचलण्यापेक्षा त्याने विष घेतले, असे दुसरे सांगतात. आमचा कल थ्यूसिडिडीसकडे आहे, कारण तो मोजून बोलणारा लेखक. तरी दुसरी गोष्ट लोकांना रचावीशी वाटली, यातही काही अर्थ आहेच. देशद्रोही ठरलेल्या माणसाला अथेन्सच्या भूमीत पुरण्याची मनाई होती. त्याच्या अस्थी नातलगांनी कोणाला न कळत आणून त्या मातीत ठेवल्या, असे ते सांगत. पिरेअसच्या तोंडाशी किनाऱ्यावर त्याची समाधी म्हणून एक जागा पुढे दाखवीत असत. बंदरात येणारी आणि बंदरातून जाणारी गलबते तिच्या समोरून जात.